आकडा मीटरपर्यंत मागे नेता आला पाहिजे

महाराष्ट्रात वीज वितरण म्हटलं की महावितरण आठवतं, आणि मुंबईत बेस्ट, टाटा, अदानी. याखेरीज राज्यात आणखीही वितरण परवानाधारक आहेत आणि त्यातले काही फार छोटे आहेत. अख्खं वितरण क्षेत्र अर्ध्या तासात पायी फिरून होईल, इतके छोटे. विशेष आर्थिक क्षेत्र म्हणून उभ्या राहिलेल्या आयटी पार्कांचे हे विकासक. वाणिज्य मंत्रालयाने ३ मार्च २०१० ला काढलेल्या अधिसूचनेने विद्युत कायदा २००३ च्या कलम १४ मध्ये या क्षेत्रांपुरती एक तरतूद जोडली आणि विकासक हाच वितरणाचा डीम्ड परवानाधारक झाला, म्हणजे परवाना कायद्यानेच मिळाला असं मानलं गेलं. अशाच एका कंपनीच्या वीज विभागात मी काम करते. शिक्षणाने विद्युत अभियंता आहे. पण गेल्या काही वर्षांत माझा जास्त वेळ ट्रान्सफॉर्मरपेक्षा तक्त्यांत गेला, आणि हे काम मला मनापासून आवडतं. २०२४ मध्ये आम्ही विजेचे दर ठरवणाऱ्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे बहुवार्षिक दराची, म्हणजे पुढच्या काही वर्षांचे दर ठरवून मागणारी याचिका दाखल केली. तो सगळा प्रवास इथे लिहिते आहे. छोट्या परवानाधारकांकडे, खासगी पार्कांत, कारखान्यांच्या वीज विभागांत माझ्यासारखी बरीच माणसं आहेत आणि त्यांना हे सगळं सलग सांगणारं कुणी भेटत नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. माहिती देण्याच्या बाबतीत कायदा आकार बघत नाही. दोन-अडीच कोटींच्या वर ग्राहक असलेल्या महावितरणने जे तक्ते भरायचे, बहुतेक तेच आम्हीही भरायचे. त्यांच्याकडे त्यासाठी आख्खा विभाग असतो. आमच्याकडे मी, लेखा विभागातला एक सहकारी, मीटरचं काम बघणारे काका आणि मुंबईचे सल्लागार.

आणि दरवाजा एक नाही. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाला याचिका, इंधन समायोजन आकाराचा (वीजखरेदीच्या खर्चातल्या चढउतारापोटी बिलात लागणाऱ्या रकमेचा) हिशेब, पुरवठ्याच्या दर्जाचे अहवाल, गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आलेल्या तक्रारींची माहिती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाला कलम ७४ खाली आणि २००७ च्या विनियमांतल्या नमुन्यांत विवरणपत्रं. एकूण विजेतला ठरावीक वाटा सौर, पवन अशा नवीकरणीय स्रोतांकडून घेण्याचं बंधन असतं, त्याचा हिशेब महाऊर्जा या राज्याच्या संस्थेकडे. (२०२४-२५ साठी राज्यात हे बंधन एकूण २५ टक्के होतं, त्यात सौर १३.५.) रोजचं वेळापत्रक राज्य भार प्रेषण केंद्राकडे, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या एसएलडीसीकडे. शिवाय सप्टेंबर २०२० मध्ये वितरण परवाना असलेल्या सगळ्याच संस्था ऊर्जा संवर्धन कायद्याखाली ‘पदनिर्देशित ग्राहक’ ठरल्या. तेव्हापासून ऊर्जा लेखापरीक्षणही आलं. दर तिमाहीचा ऊर्जा हिशेब आणि वर्षाच्या शेवटी मान्यताप्राप्त ऊर्जा लेखापरीक्षकाचा अहवाल ऊर्जा दक्षता ब्युरोकडे जातो.

या सगळीकडे जाणारी माहिती एकाच विजेची असते. तीच वीज, तेच वर्ष, आणि तरी पाच ठिकाणी पाच आकडे गेले तर त्यातले चार खोटे दिसतात. ते खोटे असतीलच असं नाही. कुठे मोजमाप पारेषणाच्या हद्दीवर घेतलेलं असतं, कुठे आमच्या उपकेंद्राच्या बसबारवर (आलेली वीज जिथून वाटली जाते त्या पट्टीवर), कुठे ग्राहकाच्या मीटरवर. कुठे वर्ष बिलाच्या तारखेने धरलेलं असतं, कुठे रीडिंगच्या. फरक कशामुळे आहे हे लिहून ठेवलेलं नसेल, तर दोन वर्षांनी तो कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मी विभागात आल्यावर एक नियम केला होता. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक आकड्याशेजारी, तो कुठल्या मीटरवरून, कुठल्या तारखेला, कुठल्या फाइलमधून घेतला ते नोंदवायचं. आकडा मीटरपर्यंत मागे नेता आला पाहिजे. तो नेता येत नसेल तर माझ्या सहीखालून बाहेर जाणार नाही.

हा आग्रह कुठून आला तेही सांगते. मी शिकत होते तेव्हा आमच्या एका प्राध्यापकांनी राज्य वीज मंडळाच्या पहिल्या दरसुनावणीची हकीकत सांगितली होती. आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला. त्याआधी मंडळाच्या कागदांत वर्षानुवर्षं पारेषण आणि वितरणातली गळती सतरा-अठरा टक्क्यांच्या आसपास दाखवली जात होती. हिशेब आयोगापुढे आला, ग्राहक संघटनांनी आणि अभ्यासकांनी तक्ते उलगडले आणि खरी गळती ३० टक्क्यांच्या वर निघाली. मधली वीज बरीचशी शेतीपंपांच्या नावावर टाकलेली होती. बहुतेक पंपांना मीटर नव्हते, त्यामुळे ‘शेतीने इतकी वापरली’ म्हटलं की तपासणार कसं? चोरी आणि गळती शेतकऱ्याच्या खात्यावर लिहिली गेली आणि वर पुन्हा शेतकऱ्यालाच बोल लावला गेला. ती गोष्ट मनातून गेली नाही. चुकीचा आकडा कुणाच्या ना कुणाच्या अंगावर पडतो, हे मला तेव्हा कळलं.

आता आमच्या याचिकेकडे वळते. ऑगस्ट २०२४ मध्ये आयोगाने नवे बहुवार्षिक दर विनियम काढले. २०२५-२६ ते २०२९-३० या पाच वर्षांसाठी ते लागू आहेत. याचिकेत तीन गोष्टी एकत्र मांडायच्या होत्या. २०२२-२३ आणि २०२३-२४ चं ट्रू-अप, म्हणजे आयोगाने मंजूर केलेला खर्च आणि लेखापरीक्षित खरा खर्च यांतल्या फरकाचा निकाल. २०२४-२५ चं तात्पुरतं ट्रू-अप. आणि पुढच्या पाच वर्षांची महसुली गरज, म्हणजे दरांतून वसूल व्हायला हवी ती रक्कम. म्हणजे एकाच याचिकेत आठ वर्षं. वायर व्यवसाय (तारांचं जाळं सांभाळणं) वेगळा, पुरवठा व्यवसाय (वीज घेऊन विकणं) वेगळा. प्रत्येक वर्षाचा, प्रत्येक व्यवसायाचा वीजखरेदी, देखभाल, घसारा, कर्जावरचं व्याज, खेळत्या भांडवलावरचं व्याज, भागभांडवलावरचा परतावा असा हिशेब.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो हिशेब वेगळे करण्याने. आमची कंपनी मुळात इमारती बांधून भाड्याने देते. वीज हा तिचा एक छोटा भाग. ताळेबंद एकच असतो. आयोगाला मात्र फक्त विजेचा ताळेबंद हवा असतो, तोही लेखापरीक्षकांनी प्रमाणित केलेला आणि वाटणी कशी केली त्याच्या निवेदनासकट. आता तळघरात ट्रान्सफॉर्मरची खोली आहे. ती खोली कुणाची? जमिनीची किंमत विजेत धरायची का? भिंतींचं बांधकाम इमारतीच्या एकूण कंत्राटात गेलेलं आहे, वेगळं बिल नाही. सुरक्षारक्षक पूर्ण आवाराचा, मग त्याच्या पगारातला किती वाटा उपकेंद्राचा? मुख्य अभियंत्याचा अर्धा दिवस चिलर प्लँटवर जातो, अर्धा आमच्याकडे.

लेखा विभागातला सहकारी म्हणाला, “मॅडम, चौरस फुटांनी वाटून टाकू. सगळीकडे तसंच करतात.”

चौरस फुटांनी वाटणी भाड्याच्या हिशेबाला बरी असते. विजेला ती लावली तर उपकेंद्राच्या जागेमागे बागकामाचा खर्चही येऊन बसतो आणि तो ग्राहकाच्या बिलात उतरतो. आम्ही दोघांनी मालमत्तेची नोंदवही काढली आणि एकेक ओळ घेऊन उपकेंद्रात गेलो. नोंदवहीत लिहिलेला ब्रेकर पॅनेल समोर आहे का, त्याच्यावरचा अनुक्रमांक बिलातल्या क्रमांकाशी जुळतो का, तो सुरू केल्याची तारीख कोणती. एका जागी नोंदवहीत दोन रिंग मेन युनिट (भूमिगत केबल जोडणारी-तोडणारी स्विचची पेटी) होती आणि जागेवर एकच. दुसरं आवाराच्या दुसऱ्या टोकाला सापडलं, तिथे नवीन इमारत आल्यावर हलवलेलं. कागदावर त्याची बदलीच झाली नव्हती. असं सगळं जुळवल्यावर जे विजेचं म्हणून हातात राहिलं, तेवढंच याचिकेत गेलं. जमिनीची किंमत आम्ही धरली नाही. संचालकांना तो निर्णय फारसा रुचला नव्हता, कारण त्या रकमेवर परतावा मिळाला असता. पण जमीन इमारतीसाठी घेतली होती, तिच्या नावाने विजेच्या ग्राहकाकडून पैसे मागायला आमच्याकडे आधार नव्हता. हे त्यांना समोर बसून सांगितल्यावर त्यांनीही धरून ठेवलं नाही.

त्यानंतरचा मोठा भाग ऊर्जा ताळेबंदाचा. किती वीज आत आली, किती विकली, किती गळाली. ऐकायला सोपं वाटतं. आमच्या मासिक तक्त्यात काही महिन्यांची गळती उणे येत होती. म्हणजे आत आली त्यापेक्षा जास्त वीज विकलेली दिसत होती. हे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अशक्य, पण कागदावर होतं. सल्लागारांच्या कार्यालयातल्या मुलाने सुचवलं की वार्षिक बेरीज ठीक येते आहे, मासिक तक्ता देऊच नये. मला ते पटेना. नमुन्यात मासिक रकाने आहेत म्हणजे कुणीतरी ते बघणार.

कारण शोधायला मीटरवाल्या काकांना घेऊन बसले. आमचं मुख्य मीटर एबीटी प्रकारचं आहे. ते दर पंधरा मिनिटांची नोंद ठेवतं, दिवसाचे ९६ भाग, वर्षाच्या ३५,०४० ओळी. त्याची महिन्याची बेरीज १ तारखेच्या मध्यरात्रीपासून शेवटच्या मध्यरात्रीपर्यंत होते, आणि एसएलडीसी तीच धरतं. ग्राहकांचं रीडिंग मात्र काका आणि त्यांचा मदतनीस मिळून घ्यायचे, इमारत एक झाली की दोन. काही मीटर २८ तारखेला, काही ३० ला, एखादा टॉवर रविवार आला तर पुढच्या महिन्याच्या २ तारखेला.

काका म्हणाले, “अहो ताई, एप्रिलात उन्हाळा वाढत जातो ना. एसी चालू असतात. त्या दोन-तीन दिवसांचं युनिट कमी का असतं? कुठल्या महिन्यात पडतं त्यावर तुमचं सगळं डोलतं.”

नेमकं तेच होतं. ज्या महिन्यात शेवटच्या टॉवरचं रीडिंग उशिरा झालं, त्या महिन्यात विक्री फुगायची आणि गळती उणे जायची. पुढच्या महिन्यात त्याची भरपाई व्हायची. वर्षाची बेरीज म्हणूनच ठीक दिसायची. यावर उपाय आमच्याच हातात होता. ग्राहकांचे बरेचसे मीटर मध्यरात्रीची नोंद स्मृतीत साठवून ठेवतात, फक्त ती कुणी वाचत नव्हतं. काकांनी ऑप्टिकल प्रोब लावून एकेका मीटरमधून महिनाअखेरीच्या नोंदी उतरवून दिल्या. ज्या जुन्या मीटरांत त्या मिळाल्या नाहीत, तिथे रीडिंगच्या दोन तारखांमधला वापर दिवसांच्या प्रमाणात वाटला आणि तक्त्याखाली तसं स्पष्ट लिहिलं. बिलाप्रमाणे विक्री आणि मध्यरात्रीच्या नोंदीप्रमाणे विक्री, असे दोन रकाने शेजारी शेजारी दिले. गळती प्रत्येक महिन्यात अधिक चिन्हाने आली.

तरीही ती मला जरा कमीच वाटत होती. आमच्यासारख्या आटोपशीर जागेत, जिथे तारांची लांबी थोडी आणि सगळं भूमिगत केबलवर, तिथे गळती कमीच असते. पण इतकी? मग लक्षात आलं की दुसऱ्या एका ठिकाणी पाणी मुरत होतं. राज्यात १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर होतं. केडब्ल्यूएच म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेली वीज, नेहमीचं युनिट; केव्हीएएच म्हणजे तारेतून ओढलेली एकूण वीज; आणि या दोन्हींचं प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर. बिलाच्या प्रणालीतून ‘विकलेले युनिट’ म्हणून जो अहवाल निघत होता तो केव्हीएएचचा होता. ऊर्जा ताळेबंद मात्र केडब्ल्यूएचमध्ये मांडायचा असतो. पॉवर फॅक्टर ०.९८ असेल तर १०० केव्हीएएचमागे प्रत्यक्ष ९८ केडब्ल्यूएच असतात. दोन युनिटांचा फरक. मोठ्या कंपनीच्या हिशेबात दोन टक्के कुठेतरी जिरून जातील, आमच्यासारख्याची आख्खी गळतीच तेवढी असते. हा फरक न काढता तक्ता दिला असता तर कागदावर आमची गळती जवळजवळ शून्य दिसली असती, आणि पुढच्या पाच वर्षांचं लक्ष्य त्याच खोट्या पायावर ठरलं असतं. मी बिलिंगवाल्यांकडून दोन्ही रजिस्टरं मागवली. महसुलाचा तक्ता केव्हीएएचवर, ताळेबंद केडब्ल्यूएचवर, आणि दोन्हींना जोडणारा पॉवर फॅक्टरचा मासिक तक्ता मधे. जिथे उच्चदाब ग्राहक आहेत अशा प्रत्येकाला मी हे पहिल्यांदा तपासायला सांगते.

वर्गवारीचं काम त्या मानाने लवकर उरकलं. आयटी धोरणाखाली नोंदणी असलेल्या कंपनीला औद्योगिक दर लागतो, फूड कोर्टच्या स्वतंत्र जोडणीला व्यावसायिक. प्रत्येक ग्राहकाच्या फाइलमध्ये नोंदणीपत्र आहे की नाही आणि त्याची मुदत संपली की नाही, एवढं पाहिलं.

वीज खंडित होण्याच्या नोंदींवर मात्र कार्यालयात वाद झाला. आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार पुरवठा किती वेळा आणि किती वेळ गेला, याचे निर्देशांक द्यायचे असतात. किती वेळा त्याला आम्ही सैफी म्हणतो आणि किती वेळ त्याला सैदी. आमच्या आवारात प्रत्येक इमारतीला डिझेल जनरेटर आहे. वीज गेली की काही सेकंदांत तो उचलतो. माझ्या वरिष्ठ सरांचं म्हणणं होतं की भाडेकरूच्या संगणकाला कळलंही नाही, मग खंड मोजायचा कशाला. मी म्हटलं, “सर, डिझेलचे पैसे भाडेकरू देतो आहे. आपल्या तारेतून वीज आली नाही म्हणून देतो आहे.” जनरेटर इमारतीच्या देखभालीत येतो, परवानाधारकाच्या पुरवठ्यात नाही. खंड आमच्या फीडरवर, म्हणजे वीज नेणाऱ्या वाहिनीवर, झाला तो झालाच. शेवटी जनरेटरच्या लॉगबुकमधल्या सुरू-बंदच्या वेळा आणि उपकेंद्रातल्या रिलेच्या (बिघाड झाला की वीज तोडणाऱ्या उपकरणाच्या) नोंदी जुळवून आम्ही यादी बनवली. त्यात आधी कुठेही न नोंदलेले काही खंड निघाले. तेही अहवालात गेले. निर्देशांक थोडे वाईट दिसले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कलम ५९ परवानाधारकाला गाठलेला दर्जा आणि दिलेल्या भरपाईच्या प्रकरणांची माहिती द्यायला सांगतं, आणि आयोगाला ती वर्षातून एकदा तरी प्रसिद्ध करायला सांगतं. भाडेकरू ती वाचणार असेल तर त्याच्या डिझेलच्या बिलाशी ती जुळायला हवी.

नोव्हेंबर २०२४ मध्ये याचिका गेली. प्रतिज्ञापत्रासह, प्रत्येक पानावर सही, आणि सोबत एक्सेलचं पूर्ण मॉडेल. मॉडेलमध्ये सूत्रं जिवंत ठेवायची असतात. एका खान्यात नुसती संख्या टंकली असेल तर तपासणारा तिथेच बोट ठेवतो, आणि ते योग्यच आहे. प्रतिज्ञापत्र नोटरीपुढे नेण्याच्या आदल्या संध्याकाळी मी आणि सहकाऱ्याने कागदावरची प्रत्येक बेरीज मॉडेलशी ताडून पाहिली. हातातल्या कागदावर शपथेवर सही होणार असते. माहिती न देणं किंवा विनियम न पाळणं यासाठी कलम १४२ खाली प्रत्येक उल्लंघनामागे एक लाखापर्यंत दंड आहे, आणि ते चालूच राहिलं तर दिवसाला सहा हजारांपर्यंत. पण खरं सांगायचं तर दंडाचा विचार त्या संध्याकाळी आमच्या डोक्यात नव्हता.

त्यानंतर डेटा गॅप्स येतात. नव्या माणसाचा धीर इथे सुटतो, म्हणून सांगते: याचिका कितीही नीट असली तरी प्रश्नावली येतेच. आयोगाचे अधिकारी आणि त्यांचे सल्लागार मिळून प्रत्येक तक्ता उलटा-सुलटा करतात आणि उणीवांची यादी पाठवतात. अमुक वर्षीच्या वीजखरेदीची सगळी बिलं. बाजारातून घेतलेल्या विजेची दिवसवार यादी. कर्ज कंपनीच्या नावावर आहे, त्यातलं विजेचं किती, व्याजाचा भारित दर कसा काढला. देखभाल खर्च अमुक वर्षी का वाढला. ‘संकीर्ण’ या एका ओळीत काय काय आहे. या यादीला उत्तर देताना सल्लागार मंडळींची पद्धत अशी असते की तीन ओळींचा परिच्छेद लिहायचा आणि ‘विनियमांनुसार मोजले आहे’ असं म्हणायचं. मी प्रत्येक उत्तराला जोडपत्र लावायचा हट्ट धरला. प्रश्न वाढीव देखभाल खर्चाचा असेल तर त्या वर्षी केलेल्या केबल दुरुस्तीचं बिल, कामाचा आदेश आणि मोजमाप पुस्तिकेतलं पान. परिणाम असा झाला की त्या मुद्द्यांवर पुन्हा प्रश्न आले नाहीत. जिथे आम्ही नुसतं वाक्य लिहिलं होतं तिथे दुसऱ्या फेरीत तोच प्रश्न परत आला.

टेक्निकल व्हॅलिडेशन सेशन, आमच्या भाषेत टीव्हीएस, व्हिडिओवर झालं. त्यात आयोगाचे अधिकारी असतात आणि कायद्याच्या कलम ९४ (३) खाली नेमलेल्या प्राधिकृत ग्राहक प्रतिनिधींनाही बोलावलेलं असतं. ही व्यवस्था मला महाराष्ट्राच्या वीजक्षेत्रातली फार मोलाची गोष्ट वाटते. एका मोठ्या ग्राहकाची वकिली फौज असते. छोट्या दुकानाची जोडणी घेतलेल्याच्या बाजूने तक्ता वाचणारं कुणीतरी असायला हवं. आमच्या सत्रात अधिकाऱ्यांनी ऊर्जा ताळेबंदाचा तक्ता पडद्यावर आणला आणि विचारलं की विक्रीचे दोन रकाने का. मी काकांनी उतरवलेल्या एका मीटरची फाइल उघडून दाखवली: मध्यरात्रीची नोंद, बिलाची नोंद, मधले दिवस. प्रश्न तिथे संपला आणि त्यांनी दुसऱ्या रकान्यालाच आधार धरून मॉडेल सुधारून मागितलं.

कलम ६४ नुसार अर्ज संक्षिप्त रूपात लोकांपुढे ठेवावा लागतो. मराठी आणि इंग्रजी दैनिकांत जाहीर सूचना, संकेतस्थळावर याचिका आणि दोन्ही भाषांत कार्यकारी सारांश. मराठी सारांश मी स्वतः लिहिला. आधीच्या याचिकेचा समोर होता, पण तो वाचून सहकाऱ्याच्या आईला (त्या बँकेतून निवृत्त झालेल्या आहेत) दर वाढतोय की कमी होतोय तेही कळलं नाही. मी पहिल्याच पानावर तीन गोष्टी ठेवल्या: आज सरासरी दर किती, आम्ही मागतो किती, आणि फरक कशामुळे. ‘ट्रू-अप’ हा शब्द ठेवला, पण पहिल्यांदा येतो तिथे एका ओळीत त्याचा हिशेब मांडून दाखवला. सहकाऱ्याच्या आईने तो वाचून दोन प्रश्न विचारले, आणि तेही सारांशात घातले.

याच काळात एका भाडेकरू कंपनीच्या सुविधा विभागाच्या प्रमुखांचा फोन आला. त्यांच्या वर्गात आवारात दुसरं कुणीच नव्हतं, त्यामुळे वर्गवार विक्रीचा तक्ता प्रसिद्ध झाला की त्यांचाच वापर जगाला कळणार होता. त्यांची काळजी खरी होती, स्पर्धक त्यावरून कामाचा अंदाज बांधू शकतात. आम्ही त्यांना सांगितलं की वर्गवार आकडे झाकता येणार नाहीत, दर त्यावरच ठरतो. पण ग्राहकवार तपशील फक्त आयोगाकडे जातील, सार्वजनिक प्रतीत नाहीत. त्यांना लेखी हरकत नोंदवायची वाटही दाखवली. छोट्या परवानाधारकांच्या बाबतीत हा प्रश्न पुन्हा पुन्हा येणार आहे आणि त्यासाठी विनियमांत स्पष्ट मार्गदर्शन असावं असं माझं मत आहे.

जनसुनावणीही ऑनलाइन झाली. हजेरी थोडी होती, पण एका ग्राहकाने जो प्रश्न विचारला तो मला सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत नेमका वाटला. इमारतीच्या सामाईक देखभालीचं शुल्क आम्ही दरमहा भरतो, आणि विजेच्या दरातही देखभाल आहे. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचे पैसे आमच्याकडून दोनदा तर घेतले जात नाहीत ना? मालक आणि वीजपुरवठादार एकच असल्यावर हा संशय येणारच, आणि यायलाच हवा. आमच्याकडे त्याचं उत्तर होतं, कारण मालमत्तेच्या नोंदवहीतली प्रत्येक विजेची ओळ वेगळी काढलेली होती आणि तिच्या देखभालीचं बिल कुठल्या खात्यात गेलं हेही. आम्ही लेखी उत्तरात ती यादीच जोडली, आणि सामाईक देखभालीच्या हिशेबातून ती बिलं वगळली असल्याचं लेखापरीक्षकांचं प्रमाणपत्रही.

आदेश मार्च २०२५ च्या अखेरीस आला. मागितलेलं सगळं मिळालं नाही. काही देखभाल खर्च आयोगाने त्यांच्या निकषाप्रमाणे कमी केला, आणि त्यामागची कारणं परिच्छेदवार लिहिलेली होती. ती मी दोनदा वाचली. गळतीचं लक्ष्य आम्ही दिलेल्या सुधारित ताळेबंदावर ठरलं.

आता काम पुढच्या तक्त्यांचं चालू आहे. सगळे ग्राहक मीटर संपर्कप्रणालीवर घेतले, त्यामुळे महिनाअखेरीची मध्यरात्रीची नोंद सगळीकडून एकदमच येते आणि काकांना टॉवर टॉवर फिरावं लागत नाही. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे सौर तासांतला (दिवसा सौरवीज मिळते त्या वेळेतला) दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवावा लागतो. म्हणून विक्री आता वर्गवार आणि वेळेच्या टप्प्यांवार अशी दोन्ही प्रकारे द्यायची आहे. त्यासाठी प्रत्येक मीटरमधले टप्पे नव्याने भरावे लागतात. काका आणि मी सध्या एकेक मीटर घेऊन त्याचं घड्याळ तपासतो आहोत, कारण घड्याळ दहा मिनिटं पुढे-मागे असलं तरी युनिट चुकीच्या टप्प्यात पडतं. ज्या मीटरांची घड्याळं सरकलेली निघाली त्यांची यादी, दुरुस्तीची तारीख आणि तोवरच्या बिलांतला फरक, हे पुढच्या तिमाही अहवालासोबत जोडपत्र म्हणून जाईल.